थोडी गावे, अधिक दिवस



२०२५ सालच्या मे महिन्यात मी आणि माझी पत्नी असे दोघे अल्बानिया नावाच्या देशात पंधरा दिवस राहून आलो. परत आल्यावर गल्लीतल्या दुकानी साखर आणायला गेलो, तेव्हा दुकानदाराने विचारले, "सर, बरेच दिवस दिसला नाहीत. कुठं गेला होता?" मी म्हणालो, "अल्बानियाला." साखर तोलता तोलता त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "हे आफ्रिकेत आलं का?" बाकावर आमच्या गावचे एक निवृत्त मुख्याध्यापक पेपर वाचीत बसले होते. ते म्हणाले, "आफ्रिकेत नव्हे रे, युरोपात. पण काय हो, एवढं युरोपात गेलात आणि अल्बानियाला? लोक पॅरिस बघतात, स्वित्झर्लंड बघतात!" एवढ्यात आतून दुकानदाराच्या वडिलांचा आवाज आला, "ते राहू द्या. खर्च किती आला?"

देश कुठे आहे, तिथेच का गेलात आणि खर्च किती आला, हे तीन प्रश्न तेव्हापासून मला निदान पन्नास जणांनी विचारले असतील. आज त्यांचीच उत्तरे आपणांस द्यावयाची आहेत. पगारावर संसार चालविणाऱ्या माणसाने परदेशप्रवासाची आखणी कशी करावी, हे त्यातून आपोआप सांगून होईल.

पहिला प्रश्न सोपा आहे. नकाशावर इटलीचा तो बुटासारखा आकार आपल्या चटकन ध्यानात येतो. त्या बुटाच्या टाचेसमोर, समुद्राच्या पलीकडच्या काठावर अल्बानिया आहे. दक्षिणेला ग्रीस, पूर्वेला उत्तर मॅसिडोनिया, उत्तरेला कोसोवो आणि मॉन्टेनेग्रो. क्षेत्रफळ २८,७४८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाहून किंचित लहान. २०२३च्या जनगणनेत लोकसंख्या भरली सुमारे २४ लाख. अर्धाअधिक देश डोंगराळ. राजधानी तिराना.

"तिथेच का?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर दुहेरी आहे. एक कारण पैशाचे आहे, ते पुढे सांगतो. दुसरे कारण आपल्या देशाशी जोडलेले आहे. तिरानाच्या विमानतळाला मदर तेरेसांचे नाव आहे. मदर तेरेसा कलकत्त्याच्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचा जन्म १९१० साली स्कोप्ये शहरी एका अल्बानियन कुटुंबात झाला. घर सोडून त्या भारतात आल्या. त्यांची आई आणि बहीण पुढे तिरानाला राहावयास गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे एन्वर होजा ह्यांची साम्यवादी राजवट आली आणि देशाची दारे मिटली. आतल्या माणसाला बाहेर जाता येईना, बाहेरच्याला आत येता येईना. १९६७ साली तर तिथे धर्माचरणावरच बंदी घातली गेली. साऱ्या जगात मानाने बोलावल्या जाणाऱ्या मदर तेरेसांना स्वतःच्या आईला भेटता आले नाही. आई १९७२ साली गेली, बहीण १९७३ साली. मदर तेरेसांना तिरानाला प्रथम जाता आले ते १९८९ साली. आईच्या थडग्यावर फुले वाहण्यापुरतेच.

हे मी वर्गात कधीतरी वाचून दाखविले होते, आणि ते मनात राहिले होते. ज्या देशाचे दार कोणत्याही किमतीला उघडत नव्हते ते आज उघडे आहे, आणि आपण नुसते तिकिटाच्या भावाकडे पाहून घरी बसलो आहोत, असे वाटे.

आता पैशाचे कारण. अल्बानियाच्या नाण्याचे नाव ऐकून आपल्याला हसू येईल. त्या नाण्याला म्हणतात 'लेक'. आम्ही गेलो तेव्हा एक लेक म्हणजे जवळजवळ एक रुपया असा हिशेब पडत होता. शंभर लेकचा एक युरो, आणि युरोही शंभर रुपयांच्या आसपास. त्यामुळे दुकानातली पाटी वाचताना गुणाकार करावा लागत नसे. तिरानात शहरी बसचे तिकीट ४० लेक. पालक किंवा चीज घातलेली खुसखुशीत पोळी, तिला ते 'ब्युरेक' म्हणतात, शंभराच्या आत. कॉफी शंभराच्या आसपास. हे दर आपल्या तालुक्याच्या गावाहून जास्त आहेत, हे खरेच. पण पश्चिम युरोपातल्या मोठ्या शहरांत ह्याच गोष्टींना तिप्पट-चौपट मोजावे लागतात.

श्रोते हो, इथे मला माझी एक फजिती सांगितली पाहिजे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. अंदाजपत्रक कसे करावे हे वीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे. आणि तरीही २०२३ साली, युरोपातल्याच दुसऱ्या एका देशाला जाण्याच्या खटपटीत, मी असा आपटलो की विचारू नका.

झाले असे की एका रात्री विमानाची तिकिटे स्वस्त दिसली. दोघांची मिळून शहाण्णव हजार. रद्द केली तर पैसे परत मिळणार नाहीत, अशी अट होती. "सकाळपर्यंत भाव वाढेल" ह्या भीतीने मी ती तिथल्या तिथे घेऊन टाकली. व्हिसाचा अर्ज त्यानंतर केला. अर्जाला बँकेचा उतारा जोडायचा होता. खात्यात शिल्लक कमी दिसेल म्हणून मी मेव्हण्याकडून दोन लाख रुपये उसने आणले आणि अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात भरले. मला वाटले, केवढी युक्ती केली! पण उतारे तपासणारी माणसे हेच काम रोज करतात. महिन्याला पगार येतो आणि संपतो, असे वर्षभर चालले आहे, आणि एके दिवशी एकदम दोन लाख येऊन पडले आहेत, हे त्यांना दिसणार नाही का? नकाराचे पत्र आले. व्हिसाची फी परत मिळत नाही, ती गेली. तिकिटांच्या करांचे थोडेफार पैसे परत आले, बाकी गेले.

त्या रात्री पत्नी एवढेच म्हणाली, "आपले नव्हते ते पैसे दाखवले, आणि आपले होते ते गेले."

ह्या एका वाक्यात मला जे कळले ते पुस्तकात कळले नव्हते. प्रवासाच्या आखणीत पैशाइतकाच क्रम महत्त्वाचा असतो. म्हणून क्रम आधी सांगतो.

पहिला पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिन्यांची मुदत उरलेली असावी आणि दोन-चार पाने कोरी असावीत. दुसरे, सरकारी किंवा अनुदानित संस्थेत नोकरी असेल तर रजेची मंजुरी आणि कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र. हे कागद आपल्याकडे किती टेबलांवरून फिरतात ते शिक्षकमंडळींना मी काय सांगावे! तीन महिने हातात ठेवा. तिसरे, बँकेचे खाते. त्यात आपला स्वतःचा पैसा हळूहळू साठलेला दिसू द्या. रक्कम लहान असली तरी चालते, पण ती आपली असावी. चौथे, राहण्याच्या जागेचे आरक्षण, आणि तेही रद्द करता येण्यासारखे. पाचवा व्हिसा. आणि व्हिसा हातात पडल्यावर सहावे, परत न मिळणाऱ्या भाड्याचे तिकीट. थांबल्यामुळे तिकिटाला चार हजार जास्त पडले तर पडू द्या. तो सुरक्षिततेचा हप्ता समजा. शेवटी आजारपणाचा प्रवासी विमा. परक्या देशात पाय मोडला तर तिथले दवाखान्याचे बिल आपल्या वर्षाच्या पगाराएवढे होऊ शकते. त्या मानाने विम्याचा हप्ता काहीच नव्हे.

अल्बानिया युरोपीय संघात नाही, आणि ज्याला शेंगेन म्हणतात त्या सामाईक व्हिसाच्या गटातही नाही. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला त्या देशाचा वेगळा व्हिसा लागत होता, आणि त्याचा अर्ज तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर घरी बसून करता येत होता. ज्याच्याजवळ शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा अनेक वेळा प्रवेशाचा, मुदतीत असलेला आणि एकदा तरी वापरलेला व्हिसा आहे त्याला तो लागत नसे. असे नियम सरकारे बदलीत असतात. तेव्हा कोणी सांगितले म्हणून, अगदी रेडिओवर मी सांगितले म्हणूनही, विसंबून राहू नका. अर्ज करण्याच्या आठवड्यात सरकारी पान स्वतः वाचा. आणि अर्जात "पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे काय?" असा प्रश्न असला तर खरे उत्तर द्या. मी दिले, सोबत कारण लिहिले, आणि मला व्हिसा मिळाला.

भारतातून तिरानाला थेट विमान नाही, वाटेत बदलावे लागते. इथेही एक खड्डा आहे. युरोपातल्या काही विमानतळांवर, नुसते एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचे असले तरी, वेगळा ट्रान्झिट व्हिसा मागतात. आम्ही इस्तंबूलमार्गे गेलो. विमानतळाबाहेर पडायचे नव्हते म्हणून तिथे व्हिसा लागला नाही. मात्र सबंध प्रवासाचे तिकीट एकच असावे. दोन तुकड्यांत तिकिटे काढली तर सामान मध्येच बाहेर घेण्याची पाळी येते, आणि पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

आता तिसरा प्रश्न, दुकानदाराच्या वडिलांचा. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

खर्चाचे दोन भाग करा. पहिला भाग दिवसांवर अवलंबून नसतो. आम्हा दोघांचे जाण्यायेण्याचे विमानभाडे १,०४,००० रुपये. व्हिसा, विमा आणि कागदपत्रांचा किरकोळ खर्च मिळून १६,०००. एकूण १,२०,०००. तुम्ही तिथे तीन दिवस राहा की तीस दिवस, ह्या रकमेत फारसा फरक पडत नाही. दुसरा भाग रोजचा. दोघांसाठी घरगुती खोली, जेवणखाण, बसभाडे, प्रवेशशुल्क असे मिळून आम्हाला दिवसाला सरासरी ६,००० रुपये लागले.

आता गंमत पाहा. सात मुक्कामांची सहल केली असती तर १,२०,००० अधिक ४२,०००, म्हणजे १,६२,००० रुपये. एका दिवसाला पडले सुमारे २३,०००. आम्ही चौदा मुक्काम केले. १,२०,००० अधिक ८४,०००, म्हणजे २,०४,००० रुपये. एका दिवसाला पडले सुमारे १४,५००. दिवस दुप्पट झाले, पण खर्च चौथाईनेच वाढला.

हे उदाहरण मी आता वर्गात स्थिर खर्च आणि बदलता खर्च समजावताना देतो. मुलांना ते चटकन पटते. पण हे गणित एका अटीवर खरे ठरते. रोजचा खर्च कमी राहिला पाहिजे. महागड्या देशात दिवस वाढविले तर गणित उलटे फिरते, आणि स्वस्त देशातही रोज नव्या गावी पळत सुटलात तर बसभाडे, बाहेरचे खाणे आणि दमणूक मिळून ते बिघडते. म्हणून एकच देश, थोडी गावे आणि अधिक दिवस, हे माझे सूत्र आहे.

दोन लाख चार हजार ही रक्कम लहान नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्यात वीस हजार अडीनडीला वेगळे ठेवले होते, ते धरून सव्वादोन लाखांची तयारी होती. छत्तीस महिन्यांनी भागले तर महिन्याला सव्वासहा हजार. आम्ही कर्ज काढले नाही, दागिन्याला हात लावला नाही. आवर्ती ठेवीत दरमहा पैसे टाकीत गेलो. ज्याला सव्वासहा जमत नाहीत त्याने तीन टाकावेत आणि सहा वर्षांनी जावे. देश कुठे पळून जात नाही.

मुक्काम कसे वाटले तेही सांगतो. तिरानाला तीन रात्री, उत्तरेला श्कोडर गावी तीन, मग दक्षिणेकडे बेरात गावी चार, जिरोकास्तर गावी तीन, आणि परतीच्या आदल्या रात्री पुन्हा तिराना. बर्फाचे डोंगर आणि प्रसिद्ध समुद्रकिनारे आम्ही सोडून दिले. सोडून देताना वाईट वाटते, पण अंदाजपत्रक म्हणजे तरी दुसरे काय? काय घ्यायचे नाही ते आधी ठरविणे.

मे महिना आपल्या सुट्टीचा आणि त्यांच्या वसंताचा. जुलै-ऑगस्टात तिथे ऊन कडक, गर्दी फार आणि किनाऱ्यावर खोल्यांचे भाव चढे. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या सुमारास, तिथे पाऊस पडतो. तेव्हा शिक्षकांना मेच उत्तम.

रेल्वे तिथे जवळजवळ नाहीच म्हणा. गावोगावी जातात त्या लहान मोटारींना ते 'फुर्गोन' म्हणतात. आपल्याकडचे वडाप ज्यांनी केले आहे त्यांना काही शिकवावे लागणार नाही. गाडी भरली की सुटते, वाटेत हात केला की थांबते. तिरानाहून श्कोडर काय किंवा बेरात काय, दोन-अडीच तासांचा रस्ता. सकाळी लवकर जावे, दुपारनंतर गाड्या कमी होतात. भारतात लेक विकत मिळत नाही. युरो न्यावेत आणि तिथल्या गावातल्या सराफी दुकानात बदलून घ्यावेत. बँकेच्या यंत्रातून पैसे काढले तर दर खेपेला काही शे लेक कापतात, म्हणून थोडे थोडे काढू नये.

जेवणाची चिंता शाकाहारी मंडळींना असते. माझी पत्नी मांस-मासे खात नाही. 'पा मिश' म्हणजे 'मांसाशिवाय' एवढे दोन शब्द तिने पाठ केले होते. भाताने भरलेल्या मिरच्या, घेवड्याच्या दाण्यांची आमटी, टोमॅटो आणि ढोबळी मिरची घालून परतलेले मऊ चीज, त्याला 'फर्गस' म्हणतात, ब्युरेक, दही, ऑलिव्ह. आणि दह्यात पाणी-मीठ घालून घुसळलेले 'धाल' नावाचे पेय आले तेव्हा एक घोट घेऊन ती म्हणाली, "अहो, हे तर ताकच की!" दुपारी उपाहारगृहात एकदा नीट जेवावे, रात्री बाजारातून पाव, चीज, काकडी, फळे आणून खोलीवर भागवावे. निम्मा खर्च वाचतो.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे फुकट आहे. तिरानाच्या मुख्य चौकात स्कंदरबेगचा अश्वारूढ पुतळा आहे. पंधराव्या शतकात तुर्कांच्या सैन्याशी पंचवीस वर्षे झुंजलेला हा वीर. जवळच एक मोठी पिरॅमिडसारखी इमारत आहे. १९८८ साली ती होजांचे स्मारक-संग्रहालय म्हणून बांधली गेली. २०२३ साली तिचे रूप बदलून तिथे मुलांना संगणकाचे शिक्षण देणारे केंद्र सुरू झाले. तिच्या उतरत्या भिंतींवर आता पायऱ्या आहेत आणि लहान मुले त्या चढून जातात. राजवटीने देशभर बांधलेले काँक्रीटचे घुमट, म्हणजे शत्रू आला तर लपून गोळ्या झाडायचे खंदक, आजही शेतात आणि रस्त्याकडेला पडलेले दिसतात. लाखाहून अधिक बांधले होते म्हणतात. तो शत्रू कधी आलाच नाही. तेवढ्या सिमेंटात किती शाळा झाल्या असत्या, हा हिशेब अर्थशास्त्राच्या माणसाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

श्कोडरच्या किल्ल्याची कथा सांगतात ती तर ओळखीची वाटली. तीन भाऊ दिवसा भिंत बांधीत, रात्री ती पडे. शेवटी धाकट्या भावाच्या बायकोला, रोझाफाला, भिंतीत चिणले तेव्हा भिंत उभी राहिली. तान्ह्या बाळाला पाजता यावे म्हणून एक बाजू उघडी ठेवा, एवढेच तिने मागितले. विहिरीला पाणी लागावे म्हणून सून बळी दिल्याच्या कथा आपल्याकडच्या आयाबायाही सांगतात. इतक्या दूर येऊन तीच सासुरवाशीण भेटावी, ह्याचे आम्हा दोघांना मोठे नवल वाटले.

आता बेरातची हकिगत सांगून संपवितो. बेरात म्हणजे ओसुम नदीच्या काठचे, डोंगरउतारावर एकावर एक चढलेल्या पांढऱ्या घरांचे गाव. समोरून पाहिले तर नुसत्या खिडक्याच खिडक्या दिसतात. २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. वरच्या किल्ल्यात आजही कुटुंबे नांदतात. आम्ही जिथे उतरलो ते घर सत्तरीच्या घरातल्या एका बाईंचे होते. त्यांचा कॉलेजात जाणारा नातू इंग्रजी बोले, तोच आमचा दुभाष्या.

खोलीचे रोजचे ३,००० लेक ठरलेले होते. पण घासाघीस केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. दारातच मी म्हणालो, "अडीच हजार घ्या." बाईंनी मान आडवी हलविली. मला वाटले, नाही म्हणतात. मी म्हणालो, "बरं, सत्तावीसशे." नातू खो खो हसत सुटला. तिथल्या जुन्या माणसांत आडवी मान हलविणे म्हणजे होय! बाईंनी अडीच हजारांना केव्हाच होकार दिला होता, आणि मीच भाव वाढवून बसलो होतो. पण एकदा तोंडातून गेले ते गेले, सत्तावीसशे ठरले.

बाईंनी आत नेऊन बसविले आणि बशीत साखरेच्या पाकात मुरविलेले हिरवे अक्रोड आणि पाण्याचे पेले पुढे ठेवले. पाहुणा आला की आधी हा गोड घास आणि पाणी. आपल्याकडे गूळ-पाणी देत, तसेच. रोज सकाळी न मागता न्याहारी येई, आणि तिचे पैसे विचारले की बाई हात झटकून टाकीत.

तिसऱ्या संध्याकाळी बोलता बोलता कळले की त्या निवृत्त शिक्षिका. विषय भूगोल. मीही शिक्षक आहे म्हटल्यावर त्या खुलल्या. म्हणाल्या, "माझ्या वर्गात जगाचा नकाशा टांगलेला असे. मुलं राजधान्या धडाधड म्हणून दाखवीत. दिल्ली, रोम, पॅरिस. पण त्यांतलं एकही मूल तिथं जाणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. समुद्रापलीकडे इटली आहे, असं मी शिकवीत असे. मी स्वतः इटली पाहिली ती पंचावन्नाव्या वर्षी."

थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुम्हाला इथवर यायला कुणी अडवलं नाही ना?"

मला २०२३ सालचे नकाराचे पत्र आठवले. ते हुकूमशहाचे फर्मान नव्हते. माझ्याच खोट्या उताऱ्याचे ते फळ होते. आणि त्याआधीची वीस वर्षे? तेव्हा कोणी अडविले होते? "परवडत नाही" असे म्हणत मी नुसता बसून होतो, आणि किती लागतात हे एकदाही कागदावर मांडून पाहिले नव्हते. मी म्हणालो, "नाही बाई, कुणी अडवलं नाही."

निघण्याच्या सकाळी मला राहवेना. चार दिवसांचे तीनशेप्रमाणे, घासाघिशीत कमी केलेले १,२०० लेक मी पाकिटात घालून बाईंपुढे ठेवले. त्यांनी पाकीट परत माझ्या हातात दिले आणि एकच शब्द उच्चारला, "बेसा." नातवाने अर्थ सांगितला. बेसा म्हणजे दिलेला शब्द. ठरले ते ठरले, त्यात कमी नाही आणि जास्तही नाही. ह्याच शब्दापायी दुसऱ्या महायुद्धात अल्बानियन कुटुंबांनी पळून आलेल्या ज्यूंना घरात लपवून वाचविले होते. मी इथे तीनशे रुपयांसाठी घासाघीस करीत होतो.

काटकसर आणि कवडीचुंबकपणा ह्यांत अंतर आहे. काटकसर आपल्या गरजांत करावी. यजमानाच्या मिळकतीत करू नये. आता कोणाला प्रवासाचे अंदाजपत्रक करून द्यायचे झाले तर अगदी तळाशी मी एक ओळ घालायला सांगतो, 'यजमानासाठी'. रक्कम थोडी असली तरी चालेल.

दुकानदाराच्या वडिलांना मी हा सारा हिशेब सांगितला. म्हातारबुवा म्हणाले, "म्हणजे सर, पैसे नव्हते असं नाही. मांडणी नव्हती." मी म्हणालो, "तसंच म्हणा." मुख्याध्यापकांनी मात्र पेपर खाली ठेवून माझ्याकडून ते सहा टप्पे एका कागदावर लिहून घेतले. त्यांच्या सौभाग्यवतींना म्हणे ग्रीस पाहायचे आहे.

लेक त्या देशाबाहेर चालत नाही. बाईंनी परत केलेले ते बाराशे लेक माझ्या टेबलाच्या खणात तसेच पडून आहेत. इथे त्यांना कोणी विचारीत नाही. ते खर्च करावयाचे तर पुन्हा बेरातलाच जावे लागेल. मी आवर्ती ठेव पुन्हा सुरू केली आहे.